‘हॅड’ कशाच्या आधी? इंग्रजीतील दोन भूतकाळ आणि आपल्या नंदुरबारचा इतिहास

१/ माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा मसुदा मार्गदर्शकांकडून परत आला, तेव्हा त्यातील एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात दोनच शब्द होते : ‘कशाच्या आधी?’ वाक्य ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये झालेल्या गोळीबाराविषयीचे होते. तारीख बरोबर होती, ठिकाण बरोबर होते, हुतात्म्यांची नावे बरोबर होती. चुकले होते ते केवळ क्रियापद. मी लिहिले होते, ‘द पोलीस हॅड फायर्ड ऑन द प्रोसेशन.’ हवे होते, ‘द पोलीस फायर्ड ऑन द प्रोसेशन.’ आजचा धागा या एका ‘हॅड’विषयी आहे. थोडा लांब आहे, पण शेवटपर्यंत सोबत राहावे ही विनंती.

२/ हा व्याकरणाचा तास नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती अशी की साधने मराठीत, मोडीत किंवा बोलींत असतात, आणि शोधनिबंध, परीक्षा व परिषदा इंग्रजीत. या दोन काठांमध्ये ये-जा करताना नावे आणि तारखा आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो. क्रियापदाचा काळ मात्र कोणी तपासत नाही. आणि इतिहास म्हणजे तरी काय? काय घडले, आणि कशाच्या आधी वा नंतर घडले, याचाच तो शोध. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचा भार इंग्रजीत बऱ्याचदा एकट्या क्रियापदावर असतो. तिथे चूक झाली, तर सगळ्या तारखा अचूक असूनही घटनाक्रम उलटा होऊ शकतो.

३/ प्रथम घटना पाहू. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गोवालिया टँक मैदानावरील अधिवेशनात काँग्रेसने ‘भारत छोडो’चा ठराव संमत केला. ९ ऑगस्टच्या पहाटेच गांधीजींसह प्रमुख नेत्यांना अटक झाली. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. (नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. स्वतंत्र नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. ‘१९४२ साली नंदुरबार जिल्ह्यात’ असे लिहिणे हीदेखील काळाचीच चूक.)

४/ आता माझे वाक्य. ते मी का लिहिले, हे उघड आहे. माझ्या डोक्यात मराठी वाक्य होते : ‘१९४२ साली नंदुरबारमध्ये पोलिसांनी मिरवणुकीवर गोळीबार केला होता.’ मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. आपण सहज म्हणतो, ‘गेल्या वर्षी आम्ही तोरणमाळला गेलो होतो’, ‘आजोबांनी ही विहीर खणली होती’, ‘काल तुझा मित्र आला होता’. या प्रत्येक ‘होता’च्या जागी आपण डोळे मिटून ‘हॅड’ ठेवतो. ‘लास्ट इयर वुई हॅड गॉन टू तोरणमाळ.’ ऐकायला काही खटकत नाही, कारण आपल्या अवतीभवती सारेच असे बोलतात. इंग्रजी वाचकाला मात्र ते वाक्य अर्धवट वाटते. गेला होतात, बरे. मग पुढे काय झाले?

५/ असे का होते? मराठीतील ‘होता’ वेगळे काम करतो. तीन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. ‘तो आला’ म्हणजे आत्ताच आला किंवा कधीतरी आला. घटना सांगितली, एवढेच. ‘तो आला आहे’ म्हणजे आला आणि अजून इथेच आहे. ‘तो आला होता’ म्हणजे आला आणि परत गेला. हा ‘होता’ घटनेचे दार लावून घेतो. घटना संपली, तिचा परिणाम आता समोर नाही, आपण तिच्यापासून दूर आलो आहोत, एवढे तो सुचवतो. दुसऱ्या एखाद्या घटनेशी तिची तुलना करायलाच हवी, अशी सक्ती तो करत नाही. अंतर मोजले जाते ते बोलणाऱ्याच्या ‘आज’पासून.

६/ इंग्रजीतील ‘हॅड’ अंतर मोजतो ते भूतकाळातल्याच दुसऱ्या एका खुणेपासून. समजा, मी नंदुरबार स्थानकावर उभा आहे आणि सुरतेकडे जाणाऱ्या गाडीविषयी बोलतो आहे. ‘आय रीच्ड द स्टेशन अँड द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे मी पोहोचलो आणि मग गाडी सुटली. धावलो असतो तर कदाचित मिळाली असती. ‘वेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे मी पोहोचण्यापूर्वीच गाडी गेलेली, फलाट मोकळा. दुसऱ्या वाक्यात दोन खुणा आहेत. एक माझे पोहोचणे, दुसरी त्याही मागची, गाडीचे जाणे. ‘हॅड’ या मागच्या खुणेवर बोट ठेवतो. पुढची खूणच नसेल, तर मागे म्हणजे कशाच्या मागे? म्हणूनच ‘कशाच्या आधी?’ हा प्रश्न.

७/ मग आपण ‘गेला होता’ आणि ‘हॅड गॉन’ यांना जुळे का समजू लागलो? याचे मूळ बरेचसे शाळेतल्या तक्त्यात आहे. आधुनिक मराठी व्याकरणाची मांडणी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणाच्या सान्निध्यात झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप होती. पुढे शालेय पुस्तकांतून साधा, अपूर्ण आणि पूर्ण असे भूतकाळ आपण पाठ केले आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी नावे लिहिली. पूर्ण भूतकाळ बरोबर पास्ट परफेक्ट. रूपे जुळली, त्यामुळे उपयोगही जुळतो असे गृहीत धरले गेले. दोष व्याकरणकारांचा म्हणता येणार नाही. तक्ता रूपांचा होता. आपण त्याचा शब्दकोश केला.

८/ मग मराठीला ‘आधी-नंतर’ सांगता येत नाही का? उत्तम येते, पण तिची हत्यारे वेगळी आहेत. ‘जेवून निघाला’, ‘पाऊस थांबल्यावर पेरणी केली’, ‘गाडी सुटण्यापूर्वी तिकीट काढले’. ऊन, ल्यावर, पूर्वी. क्रम या रूपांत बांधलेला असतो आणि मुख्य क्रियापद साधेच राहते. जुन्या पत्रव्यवहारातील ठरीव वाक्य आठवा : ‘तुम्ही पत्र पाठविले ते प्रविष्ट जाले.’ पाठवणे आधी, पोहोचणे नंतर, पण दोन्ही क्रियापदे साध्या भूतकाळात. पत्र पाठवल्याशिवाय पोहोचणार कसे? क्रम अर्थातच सामावलेला आहे. त्यासाठी वेगळी खूण कशाला हवी?

९/ इंग्रजीही इथे आपल्यासारखीच व्यवहारी आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या, तर साधा भूतकाळ पुरतो : ठराव झाला, नेत्यांना अटक झाली, मिरवणूक निघाली, गोळीबार झाला. चारही क्रियापदे सिंपल पास्टमध्ये. वाक्यात ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असेल, तरी बहुधा साधा भूतकाळ चालतो, कारण क्रम त्या शब्दाने सांगितलेलाच असतो. आणि निश्चित तारीख असलेली सुटी घटना ही तर सिंपल पास्टची हक्काची जागा. ‘१९४२ साली’ म्हटले की ‘फायर्ड’. इतिहासलेखनातील दहापैकी आठ-नऊ वाक्ये अशीच असतात, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१०/ ‘हॅड’ची खरी गरज पडते ती कथन मागे वळते तेव्हा. तुम्ही ९ सप्टेंबरच्या मिरवणुकीपाशी उभे आहात आणि वाचकाला सांगायचे आहे की त्या वेळी मोठे नेते बाहेर का नव्हते. तुम्हाला महिनाभर मागे जावे लागते : ‘गांधीजींना आणि इतर नेत्यांना महिन्यापूर्वीच अटक झाली होती.’ इथे इंग्रजीत ‘हॅड बीन अरेस्टेड’च हवे. ‘वेअर अरेस्टेड’ लिहिले आणि पुढे-मागे तारीख नसली, तर घाईत वाचणाऱ्याला वाटेल, नेत्यांना नंदुरबारच्या मिरवणुकीनंतर पकडले. सांगण्याचा क्रम आणि घडण्याचा क्रम वेगळा झाला की ‘हॅड’ हा वाटेवरचा पाटीदगड होतो.

११/ आता खरा प्रश्न. यात बिघडते काय? एखाद्या गावातील कोणत्याही गोळीबाराचा अहवाल डोळ्यांपुढे आणा. (पुढची दोन वाक्ये मी उदाहरणासाठी रचली आहेत, नंदुरबारविषयीची नाहीत.) पहिले : ‘वेन द पोलीस फायर्ड, द क्राउड थ्रू स्टोन्स.’ दुसरे : ‘वेन द पोलीस फायर्ड, द क्राउड हॅड थ्रोन स्टोन्स.’ पहिल्यात आधी गोळी, मग संतापलेल्या जमावाचे दगड. दुसऱ्यात आधी दगड, मग गोळी. माणसे तीच, दगड तेच, गोळ्या त्याच, तारीखही तीच. पण पहिल्या वाक्यात जबाबदारी एका बाजूला झुकते आणि दुसऱ्यात दुसऱ्या. चौकशी समितीला जे ठरवायला महिने लागतात, ते एक सहायक क्रियापद गुपचूप ठरवून मोकळे होते.

१२/ म्हणून मराठी जबानीचे भाषांतर करताना धोका दुहेरी आहे. साक्षीदार म्हणतो, ‘लोकांनी दगड मारले होते.’ त्याच्या मनातील ‘होते’ कदाचित एवढेच सांगत असेल की ही जुनी गोष्ट आहे. भाषांतरकार ‘हॅड थ्रोन’ लिहितो आणि नकळत ‘गोळीबारापूर्वी’ हे विधान त्याच्या तोंडी घालतो. उलट साक्षीदार ‘दगड खाऊन मग त्यांनी गोळी चालवली’ म्हणाला आणि भाषांतरात दोन्ही क्रिया ‘अँड’ने जोडून सपाट केल्या, तर त्याने स्पष्टपणे सांगितलेला क्रम पुसट होतो. एकदा न बोललेले जोडले जाते, एकदा बोललेले गळते. दोन्ही वेळा कागद मात्र अस्सल दिसतो.

१३/ शिरीषकुमारविषयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी आठवण सर्वांना ठाऊक आहे : मिरवणुकीतील मुलींवर बंदूक रोखली गेली, तेव्हा तो पुढे आला आणि मारायचे तर मला मारा, असे म्हणाला. या आठवणीचे सारे तेज तिच्या क्रमात आहे. बंदूक आधी रोखलेली होती. तो नंतर पुढे आला. म्हणजे काय होणार हे समोर दिसत असताना त्याने पाऊल उचलले. इंग्रजीत ‘हॅड बीन एम्ड’ आणि मग ‘स्टेप्ड फॉरवर्ड’ असे लिहावे लागेल. दोन्ही क्रियापदे साधी ठेवून क्रम उलटला, तर तोच मुलगा आधीच पुढे उभा असलेला आणि नंतर बंदुकीसमोर सापडलेला वाटेल. ‘हॅड’ काढून टाकणे हीदेखील काही वेळा चूकच असते.

१४/ ‘हॅड’ आणखी एक काम करतो आणि ते अधिक सूक्ष्म आहे. तो वाक्याला पार्श्वभूमीत नेऊन बसवतो. पार्श्वभूमीतल्या गोष्टीला पुरावा मागायचे वाचकाला सुचत नाही. खानदेशाचे उदाहरण घ्या. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर १८१८ साली खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. पुढे भिल्लांशी दीर्घ संघर्ष झाला आणि १८२५ साली जेम्स औट्रमच्या हाताखाली खानदेश भिल्ल पलटण उभी राहिली. हा क्रम दोन प्रकारे सांगता येतो. ‘कंपनी आली आणि डोंगरात संघर्ष पेटला.’ किंवा ‘कंपनी आली तेव्हा भिल्लांनी लूटमार आरंभलेली होती.’ दुसऱ्या वाक्यात कंपनी आपोआप शांतता आणणारी ठरते.

१५/ मग दुसरे वाक्य खोटे का? तसेही नाही. १८१८ पूर्वी खानदेशात अशांतता होतीच. होळकर-शिंदे यांच्या लढायांत हा मुलूख भरडला गेला होता आणि १८०३-०४ चा दुष्काळ लोकांच्या हाडापर्यंत पोहोचला होता. पण बघा, आपण ‘कशाच्या आधी?’ विचारले आणि खूण १८१८ वरून १८०३ वर सरकली. तिथे उभे राहून पाहिले तर लूटमार ही भिल्लांची ‘वृत्ती’ उरत नाही. सैन्यांनी आणि दुष्काळाने उद्ध्वस्त केलेल्या मुलखातील ती एक स्थिती ठरते. खूण कुठे रोवायची हा निर्णय व्याकरण घेत नाही, इतिहासकार घेतो. ‘हॅड’ त्या निर्णयाची फक्त चाहूल देतो. जुने इंग्रजी वृत्तांत वाचताना प्रत्येक ‘हॅड’पाशी क्षणभर थांबण्याची सवय मला यातूनच लागली.

१६/ कोणी म्हणेल, ही सारी जुन्या कागदांची गोष्ट. तर आता आजच्या कागदाकडे येऊ. आपल्या जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांत ज्याची चर्चा घरोघर होते, तो वनहक्क कायदा २००६ चा. ३१ डिसेंबर २००७ पासून तो अमलात आला. पिढ्यान्‌पिढ्या वनात राहूनही ज्यांच्या हक्कांची नोंद झाली नाही, त्यांचे हक्क मान्य करण्यासाठी हा कायदा आहे. त्याच्या इंग्रजी संहितेत, चौथ्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात अट आहे की दावेदारांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वी वनजमीन ताब्यात घेतलेली असावी. तिथले शब्द आहेत ‘हॅड ऑक्युपाइड’. पास्ट परफेक्ट.

१७/ इथे ‘कशाच्या आधी?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात तारखेसह लिहिलेले आहे. १३ डिसेंबर २००५ हा दिवस, म्हणजे हे विधेयक लोकसभेत मांडले गेले तो दिवस. ‘बिफोर’ शब्द असल्याने साधा भूतकाळही व्याकरणाला चालला असता, पण ‘हॅड’ने खूण पक्की झाली. गंमत पुढे आहे. याच कायद्याच्या उद्देशवाक्यात त्याच लोकांविषयी वेगळे क्रियापद येते : ‘हॅव बीन रिसायडिंग’, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. आणि चौथ्या कलमाचेच सहावे पोटकलम सांगते की कायदा लागू झाला त्या दिवशीही जमीन प्रत्यक्ष ताब्यात हवी, आणि मान्य होणारे क्षेत्र चार हेक्टरांहून अधिक असणार नाही. तारखेपूर्वीचे घेणे आणि पुढे चालू राहिलेले असणे, दोन्ही सिद्ध व्हायला हवे.

१८/ नियमांनुसार पुराव्यांत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथनही धरले जाते. आता एक कथन कल्पून पाहू. वयोवृद्ध आजोबा आपल्या भिल्ली किंवा पावरी बोलीत सांगतात, कोणी ते मराठीत उतरवून घेतो, आणि कधी त्याचे पुढे इंग्रजी होते. मराठीत लिहिले गेले, ‘हे कुटुंब ही जमीन कसत होते.’ मराठी वाचकाला यातून काय कळते? कसत होते, म्हणजे आता कसत नाही. इंग्रजीत ते ‘वेअर कल्टिव्हेटिंग’ होईल, आणि ताबा चालू असल्याचे चिन्हच नाहीसे होईल. हवी होती दोन वाक्ये : ‘२००५ च्या कितीतरी आधी यांनी ही जमीन कसायला घेतली होती’ आणि ‘तेव्हापासून आजतागायत कसत आले आहेत’. एक ‘होती’, एक ‘आहेत’. आजोबा दोन्ही बोलले असतील. कागदावर दोन्ही उतरणे, ही लिहिणाऱ्याची जबाबदारी.

१९/ हे नंदुरबारला नवे नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे आली. ती सारी अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील, नर्मदाकाठची. नर्मदा पाणी तंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात विस्थापित कोण, याची व्याख्या दिली आहे. भूसंपादनाच्या चौथ्या कलमाखालील अधिसूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी किमान एक वर्षापासून जो त्या क्षेत्रात सामान्यतः राहत आला आहे किंवा जमीन कसत आला आहे, तो. तिथले क्रियापद ‘हॅज बीन रिसायडिंग’ या घडणीचे आहे. ‘रिसायडेड’ असते, तर एकेकाळी राहून गेलेलाही त्यात बसला असता. व्याख्येला हवा होता तो आधीपासून राहत असलेला आणि अजूनही राहत असलेला माणूस. राहिला, राहिला होता, राहत आला आहे : आपल्या कानाला जवळजवळ सारखी वाटणारी ही रूपे. त्यांतल्या एकावर घर बदलून मिळणे न मिळणे अवलंबून असते.

२०/ तर मग कामाला उपयोगी पडेल अशी कसोटी. इंग्रजीत ‘हॅड’ लिहिण्यापूर्वी मी आता स्वतःला चार गोष्टी विचारतो. एक : ही घटना ज्याच्या आधी घडली, ती दुसरी घटना मला नाव घेऊन सांगता येते का? येत नसेल, तर सिंपल पास्ट. दोन : सांगण्याचा क्रम आणि घडण्याचा क्रम एकच आहे का? असेल, तर सिंपल पास्ट. तीन : कथन मागे वळले आहे का आणि ‘हॅड’ गाळला तर क्रम उलटेल का? तसे असेल, तर ‘हॅड’ हवाच. चार : गोष्ट अजून चालू आहे का? मग दोन्ही नकोत. ‘हॅव बीन’ हवे. मराठी साधनातील ‘होता’ दिसताच पहिल्या प्रश्नापाशी थांबावे. तो ‘होता’ बहुधा ‘फार पूर्वी’ एवढेच म्हणत असतो.

२१/ आणि एक काळजी उलट दिशेची. इंग्रजीतून मराठीत येताना प्रत्येक सिंपल पास्टसाठी ‘केले, गेले, झाले’ एवढेच ठेवू नये. आपली भाषा आपल्या पद्धतीने क्रम सांगते. ‘नेते पकडले गेल्यावर पोरे रस्त्यावर उतरली’, ‘मुलींवर रोखलेली बंदूक पाहून तो पुढे आला’. इथे ‘हॅड’चे भाषांतर ‘होती’ने केलेले नाही, ‘ल्यावर’ आणि ‘लेली’ने केले आहे, आणि ते अधिक मराठी आहे. दोन भाषांचे काळ म्हणजे दोन घड्याळे. एकाचे काटे काढून दुसऱ्यात बसवू गेलो तर दोन्ही बंद पडतात. वेळ मात्र एकच असते. ती नीट वाचायची, मग ज्या घड्याळात सांगायची त्यात सांगायची.

२२/ तो मसुदा मी दुरुस्त केला. पूर्ण प्रकरणात गरज नसलेले इतके ‘हॅड’ निघाले की मोजायचे सोडून दिले. गोळीबाराचे वाक्य आता साधे आहे : पोलिसांनी गोळीबार केला. ‘फायर्ड’. घटना तिच्या जागी, तिच्या तारखेसह, कशाच्याही आड न लपता उभी आहे. त्या परिच्छेदात एकच ‘हॅड’ उरला, महिन्यापूर्वी झालेल्या नेत्यांच्या अटकेचा. त्याला कोणी विचारले ‘कशाच्या आधी?’, तर त्याच्याजवळ उत्तर आहे : नंदुरबारच्या पोरांनी झेंडा हाती घेण्याच्या आधी. मोठे सगळे आत होते आणि पंधरा वर्षांचा मुलगा बाहेर उभा होता, हे त्या एका शब्दाने सांगितले जाते.

धागा इथे पूर्ण करतो. तुमच्या वाचनात असा एखादा ‘हॅड’ आला असेल ज्याने घटनाक्रम बदलला, तर जरूर लिहा. आणि माझ्या मांडणीत कुठे चूक आढळली, तर निःसंकोच सांगा. समासातल्या लाल शाईची आता सवय झाली आहे.